शाळा उघडायच्या आधी: वाचक शिक्षकांचे प्रश्न

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच विषयावरचे आहेत, नवीन शैक्षणिक वर्षाची तयारी कशी करायची. काही नव्याने नोकरीला लागलेल्यांचे आहेत, काही बरीच वर्षं शिकवणाऱ्यांचे, पालकांचे पण आहेत. मी स्वतः सध्या तेच करतेय, समोर नव्या वर्गाची यादी पडलीये, नावं वाचतेय पण चेहरे अजून माहीत नाहीत, त्यामुळे उत्तरं लिहिताना माझा पण विचार होत गेला. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि काही उत्तरं लांबलीत कारण तिथे सांगण्यासारखं खरंच जास्त होतं.

प्रश्न: मॅडम, माझी ही पहिलीच नोकरी आहे आणि पाचवीचा वर्ग मिळालाय. शाळा सुरू व्हायला दोन आठवडे राहिलेत. वर्ग सजवायचाय, चार्ट करायचेत, वार्षिक नियोजन लिहायचंय, पाठ टाचणं काढायचीत, आणि रोज रात्री वाटतं की आपलं काहीच झालेलं नाहीये. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी तुमचं मनापासून अभिनंदन. आता तुमच्या यादीकडे बघा, त्यात चार कामं आहेत आणि चारही कामं तुम्ही काय करणार याची आहेत, मुलं काय करणार याचं एकही नाहीये. मी तुमच्या जागी असते तर तिथूनच सुरुवात केली असती. एक कोरा कागद घ्या आणि पहिल्या आठवड्यातल्या प्रत्येक तासापुढे फक्त एवढंच लिहा की या तासाला मुलं काय करतील, त्यांच्या हातात काय असेल, ती काय लिहितील, कोणाशी बोलतील, आणि तास संपताना मला त्यांच्याबद्दल नवीन काय कळलेलं असेल. हे लिहायला बसलं की लगेच दिसतं कुठल्या तासाची खरी तयारी आहे आणि कुठल्या तासाला आपण नुसतं उभं राहून बोलणार आहोत.

वार्षिक नियोजन द्यावंच लागतं, ते टळत नाही, पण त्यात जीव अडकवू नका. पहिला घटक नीट लिहा, दुसरा साधारण, आणि पुढचे घटक नुसते नाव आणि महिना एवढ्यावर ठेवा. मुलं समोर आली की पहिल्याच घटकाचे तास कमीजास्त होतात आणि मग सगळं पुढे सरकतं.

त्यापेक्षा चौथीची पुस्तकं मिळवा. गणिताचं आणि भाषेचं तरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढा, भागाकार कुठल्या पद्धतीने मांडलाय, अपूर्णांक कुठपर्यंत आलेत, आपण पाचवीत जो शब्द सहज वापरणार आहोत तो मुलांच्या कानावर आधी पडलाय का नाही, हे सगळं त्यात सापडतं. सुट्टीत एकच काही वाचायला वेळ असेल तर हे वाचा असं मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते.

सजावटीबद्दल थोडं स्पष्ट बोलते कारण नव्या शिक्षकांचे कितीतरी दिवस त्यात जातात. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बालवर्गातल्या २४ मुलांना विज्ञानाचे छोटे पाठ काही वेळा चित्रं-तक्त्यांनी भरलेल्या खोलीत आणि काही वेळा जवळजवळ मोकळ्या भिंतींच्या खोलीत शिकवले. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त भरकटलं, आणि नंतरच्या चाचणीत मोकळ्या खोलीतल्या पाठांची साधारण ५५ टक्के उत्तरं बरोबर आली तर सजवलेल्या खोलीतल्या पाठांची ४२ टक्के. मुलं लहान होती, संख्या पण थोडी होती, त्यामुळे यावरून सगळे चार्ट काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण फळ्याच्या आजूबाजूची भिंत तरी मोकळी ठेवा, मागची भिंत मुलांच्या कामासाठी रिकामी सोडा, आणि तक्ता तेव्हाच लावा जेव्हा मुलांना तो बघून काहीतरी करायचंय. तो घटक संपला की तक्ता पण उतरवा. एवढ्याने तुमचे निदान दोनतीन दिवस वाचतील.

वाचलेला वेळ नावांना द्या. यादी हातात आल्यापासून रोज थोडी नावं पाठ करा, आणि ती कागद झाकून आठवा, नुसती वाचत बसू नका. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला त्याचं नाव त्याच्याच तोंडून म्हणायला सांगा आणि तसंच म्हणा, काही मुलांचं नाव वर्षभर चुकीचं घेतलं जातं आणि ती लाजून बोलत नाहीत.

प्रश्न: सुट्टीनंतर मुलं सगळं विसरून येतात. मागच्या वर्षीचं रिव्हिजन किती दिवस घ्यावं? पहिला महिना त्यातच जातो, मग पोर्शन मागे पडतो, आणि मुख्याध्यापक विचारतात अजून पहिला धडा का चालू आहे.

उत्तर: हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय आणि माझ्या मते वर्षाच्या तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, मुलं विसरतात हे खरंच आहे. हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुट्टीतल्या विसरण्यावरचे ३९ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सरासरी महिनाभराच्या शिकण्याइतकी घसरण दिसली, आणि ती आकडेमोड आणि स्पेलिंगमध्ये सगळ्यात जास्त होती. पुढे बाकीच्या संशोधकांनी ही घसरण नक्की किती मोठी यावर वाद घातलाय, तो अजून चालू आहे. पण आकडेमोड लवकर सुटते हे वर्गात उभं राहणाऱ्या कोणालाही पटेल.

दुसरी गोष्ट जास्त दिलासा देणारी आहे. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन संशोधकाने १८८५ साली विसरण्यावरचं आपलं काम प्रसिद्ध केलं, त्याने प्रयोग स्वतःवरच केले, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि काही तासांनी, काही दिवसांनी परत पाठ करायला किती वेळ लागतो ते मोजायचं. विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं आणि मग मंदावतं हे त्याने दाखवलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याने मोजलं होतं ते वाचलेला वेळ, म्हणजे विसरलेली गोष्ट दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. मुलगा पहिल्या दिवशी कोरा चेहरा करून बसला म्हणजे मागच्या वर्षीचं सगळं पुसलं गेलं असं नसतं, खाली बरंच शिल्लक असतं, ते वर काढावं लागतं. म्हणून महिनाभर सगळंच परत शिकवत बसू नका.

मग वर कसं काढायचं? इथे आपण सगळे एकच करतो, जुना धडा परत समजावतो, मुलं मान हलवतात, आपल्याला वाटतं झालं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी कॉलेजच्या मुलांवर एक साधा प्रयोग केला, एका गटाने उतारा वाचून परत वाचला, दुसऱ्या गटाने वाचून झाल्यावर जे आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी बघितलं तर परत वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने बघितलं तर उलटं, परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि कागदावर लिहिणाऱ्यांना ५६. म्हणजे वर्गात जे लगेच जमलेलं दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही. रोज तासाच्या सुरुवातीला पाच सात मिनिटं, पुस्तक बंद, मागच्या वर्षीचे तीन प्रश्न, मुलांनी आठवून लिहायचे, मार्क नाहीत, लगेच उत्तर फळ्यावर, स्वतःचं स्वतः तपासायचं. नवा धडा पण त्याच दिवसापासून सुरू ठेवा. अशी उजळणी दोन महिने चालली तरी पोर्शन अडत नाही, कारण ती एका महिन्याचा ढीग करून बसलेली नसते.

आणि तिसरी गोष्ट, कोण काय विसरलंय हे शोधायला पहिल्या आठवड्यात एक छोटा कागद द्या. मोठी चाचणी नको, नीट निवडलेली पाचसहा गणितं पुरतात, पण ती निवडण्यात खरी तयारी आहे. उदाहरण देते. ६७ वजा २३ दिलंत तर जवळजवळ सगळी मुलं बरोबर करतील आणि तुम्हाला काहीही कळणार नाही. ५२ वजा ३८ द्या. बरोबर उत्तर १४. एक मूल २६ लिहील, म्हणजे ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन, हातचा प्रकार त्याच्या डोक्यात नाहीच. दुसरं २४ लिहील, त्याने दशक उसना घेतला पण पाचाचे चार करायला विसरलं. तिसरं १३ किंवा १५ लिहील, त्याला पद्धत सगळी येते, मोजताना एक इकडे तिकडे झालं. तिघांचंही उत्तर चूक आणि तिघांना वेगवेगळी मदत लागणार, पण आपण लाल पेनाने फुली मारून मोकळे झालो तर तिघंही एकाच ढिगात जातात आणि तिघांनाही तीच पन्नास वजाबाक्या सोडवायला मिळतात. मधे शून्य असलेलं एक गणित पण ठेवा, ४०३ वजा १२८. तिथे २७५ ऐवजी ३२५ आलं तर तोच मोठ्यातून लहान वाला प्रकार, आणि ३७५ आलं तर मुलाने शून्याचे नऊ केले पण शेजारच्या चारला हात लावला नाही. मुलांच्या वजाबाकीतल्या चुका अशा ठरावीक नियमाने होतात यावर ब्राउन आणि बर्टन यांनी १९७८ मध्येच मोठं काम केलंय, त्यांनी तर एकेका चुकीच्या पद्धतीची यादी केली होती.

अपूर्णांकात एक छेद दोन अधिक एक छेद तीन, उत्तर दोन छेद पाच आलंय का बघा. दशांशात ०.३५ मोठा का ०.५ एवढंच विचारा, आणि ०.३५ म्हणणाऱ्याला का ते सांगायला लावा, पस्तीस पाचापेक्षा मोठे म्हणून, असं तो सांगेल, आणि मग तुम्हाला कळेल कुठून सुरू करायचं. भाषेला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या, एकेका मुलाला जवळ बोलावून, बाकीचे चित्र काढत असताना. तेवढ्यात कोण अक्षर जोडून वाचतंय, कोण अंदाजाने शब्द पुरा करतंय, सगळं कळतं.

हा कागद तपासून झाला की मुख्याध्यापकांना दाखवा. पोर्शन का मागे असं विचारणाऱ्याला हातात पुरावा दिला की बोलणं सोपं होतं.

प्रश्न: मला जो वर्ग मिळालाय त्याच्या आधीच्या बाई स्टाफरूममध्ये मला प्रत्येक मुलाबद्दल सांगतायत, हा उनाड, ती रडकी, याच्या घरचे भांडकुदळ. ऐकावं का नको? नाही ऐकलं तर त्यांना वाईट वाटतं.

उत्तर: तब्येतीचं आधी ऐका, लिहून घ्या. कोणाला दमा आहे, कोणाला फिट येते, कोणाला कमी ऐकू येतं, कोणाचा चष्मा आहे पण घालत नाही, घरात कोणी नुकतं गेलंय का, मुलाला कोण न्यायला येणार आणि कोणाच्या हाती द्यायचं नाही. हे पहिल्या दिवसाच्या आधीच माहीत हवं.

स्वभावाबद्दलची मतं मात्र दोन आठवडे थांबवा, आणि दोन आठवडे हा आकडा मी उगाच सांगत नाहीये. रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बीएडला शिकलेला आठवत असेल, शिक्षकांना सांगितलं की चाचणीनुसार ही ही मुलं यंदा खूप पुढे जाणार, खरं तर ती नावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही निवडली होती, आणि वर्षअखेरीला पहिली दुसरीतल्या अशा मुलांची बुद्धिमापनातली वाढ बाकीच्यांपेक्षा जास्त निघाली. या प्रयोगावर पुढे भरपूर टीका झाली, अनेकांनी तो परत करून बघितला, कोणाला परिणाम दिसला, कोणाला नाही. मग १९८४ मध्ये स्टीफन रॉडेनबुश यांनी अशा १८ प्रयोगांचा एकत्र विचार केला आणि त्यांच्या लक्षात आलं की शिक्षक मुलांना दोन आठवड्यांपेक्षा जास्त ओळखत असतील तर बाहेरून सांगितलेल्या गोष्टीचा परिणाम जवळजवळ होतच नाही, आणि ओळख त्यापेक्षा कमी असेल तर होतो. आपण मुलाला स्वतः बघितलेलं असलं की दुसऱ्याचं मत आपल्याला हलवत नाही. बघायच्या आधी ऐकलं की मात्र आपण तेच बघायला लागतो.

त्या बाईंना नाही कशाला म्हणता, प्रश्न बदला. "याच्याबरोबर तुमचं काय जमलं होतं?", "हिला कुठे बसवलं की ही लिहायची?", "हा कशात रमतो?" असं विचारा. त्यांनी वर्षभर ज्या मुलांसाठी जीव टाकला त्यांच्याबद्दल कोणीतरी मनापासून विचारतंय हे त्यांना आवडेल, आणि तुम्हाला कामाची माहिती मिळेल. बाकीचं, "दोन आठवडे जाऊ देत ताई, मग निवांत बसू, तेव्हा मला तुमची गरज लागेलच," असं सांगा. आणि खरंच जाऊन बसा. त्यांना माहीत असलेलं बरंच काही तुम्हाला तेव्हा नीट समजेल.

प्रश्न (पालकांचा): मुलगी सातवीत जाणार. सुट्टी संपायच्या आधी नव्या पुस्तकातले दोन तीन धडे घरी करून घेतले तर बरं पडेल का?

उत्तर: नको. धडा अर्धवट आधी झाला की वर्गात "मला येतंय" म्हणून ती ऐकत नाही, आणि खोलात विचारलं की अडकते. मागच्या वर्षीचं थोडं आठवून घ्या आणि रोज काहीतरी आवडीचं वाचू द्या.

खरी तयारी झोपेची करा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१६ च्या शिफारशीप्रमाणे ६ ते १२ वयाच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वयाच्यांना ८ ते १० तास झोप हवी. सुट्टीत रात्री उशिरापर्यंत जागायची सवय झालेली असते आणि ती एका रात्रीत बदलत नाही, म्हणून शाळेच्या दोनएक आठवडे आधीपासून दर दोन तीन दिवसांनी पंधरा वीस मिनिटं अलीकडे आणत जा, उठवायची वेळ पण तशीच. पहिल्या आठवड्यात डुलक्या काढणारी मुलं आम्हाला लगेच दिसतात.

प्रश्न: आमच्याकडचे सीनियर सर सांगतात की पहिला महिना हसायचंच नाही, एकदम कडक राहायचं, मग वर्ष सुखाने जातं. माझा तो स्वभाव नाही. मग वर्ग हाताबाहेर जाईल का?

उत्तर: नाही जाणार, पण नुसतं प्रेमळ राहिलात तरी पण चालणार नाही. वर्ग शांत राहतो तो मुलांना प्रत्येक वेळी आता काय करायचं हे माहीत असतं म्हणून, आणि ते त्यांना शिकवावं लागतं, अगदी गुणाकार शिकवतो तसं.

टेक्सासमध्ये एमर, एव्हर्टसन आणि अँडरसन यांनी २७ शिक्षकांचे तिसरीचे वर्ग शाळेच्या पहिल्या दिवसापासून बसून बघितले, ते काम १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांचे वर्ग वर्षभर नीट चालले त्या शिक्षकांनी पहिल्या काही आठवड्यांत नियम आणि रोजच्या पद्धती समजावून सांगितल्या होत्या, मुलांकडून करून घेतल्या होत्या, आणि चुकलं की परत करून घेतल्या होत्या. ज्यांचे वर्ग पुढे विस्कटले त्यांच्याकडे पण नियम होतेच, पण ते धडसे शिकवलेले नव्हते. त्याच्याही आधी, १९७० मध्ये, जेकब कूनिन यांनी असंच काहीतरी सांगितलं होतं, मूल चुकल्यावर शिक्षक काय करतात यावरून चांगला आणि वाईट वर्ग ओळखू येत नाही, फरक असतो तो चुकायच्या आधी काय चाललंय त्यात, शिक्षकाची नजर सगळीकडे आहे का, काम अडखळत नाही ना, प्रत्येकाच्या हाताला काही आहे का.

वह्या गोळा करणं घ्या. शिकवलं नाही तर काय होतं, चाळीस मुलं एकदम उठतात, टेबलाभोवती गर्दी, ढकलाढकली, दोन वह्या खाली पडतात, एकाची वही फाटते, तो रडतो. आता हेच शिकवायचं म्हटलं तर पहिल्याच दिवशी कोऱ्या वह्या घेऊन करा. वही ज्या पानावर काम आहे तिथे उघडायची, शेवटच्या बेंचवरच्याने पुढच्याकडे द्यायची, पुढच्याने आपली वर ठेवून पुढे सरकवायची, पहिल्या बेंचवरच्याने ढीग सरळ करून जागेवरच ठेवायचा, एकाने फिरून ढीग उचलायचे. कोणी उठायचं नाही. आधी एका ओळीला करून दाखवायला सांगा, बाकीच्यांनी बघायचं, मग सगळ्यांनी, मग परत एकदा. हसत खेळत होतं हे, कडक व्हावंच लागत नाही. अशाच पाचसहा गोष्टी आहेत, वर्गात येऊन लगेच काय करायचं, बाहेर जायचं असेल तर कसं विचारायचं, काम आधी झालं तर काय, मला सगळ्यांचं लक्ष हवं असेल तर मी काय खूण करेन, गटात बसायचं तर बेंच कसे फिरवायचे. या तुम्ही शाळा उघडायच्या आधी स्वतःशी ठरवून कागदावर लिहा, कारण पहिल्या दिवशी मुलं विचारतील तेव्हा सुचेल ते सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी वेगळं सांगितलं की तिथेच गाडी बिघडते.

यात वेळ फुकट जातो असं वाटत असेल तर हिशोब करा. समजा तासाला चार मिनिटं अशा गोंधळात जातात आणि दिवसाचे सहा तास आहेत, म्हणजे रोजची २४ मिनिटं, आणि वर्षाचे २०० दिवस धरले तर ८० तास. पोर्शन तिथे जातो.

आणि हसा हो. मूल पहिल्या दिवशी घाबरून आलेलं असतं, त्याला हसरा चेहरा दिसू दे.

प्रश्न: पहिले काही दिवस मुलं तोंडच उघडत नाहीत. प्रश्न विचारला की सगळा वर्ग खाली बघतो, मग तीच दोन मुलं हात वर करतात. यासाठी काही तयारी करता येते का?

उत्तर: करता येते, आणि ती आपल्या स्वतःच्या सवयीची आहे. मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांचं रेकॉर्डिंग ऐकून १९७४ मध्ये मांडलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकतात. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं, आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलायला लागली. मुलाने उत्तर दिल्यावर पण तसंच थांबायचं, लगेच "बरोबर" म्हणायचं नाही, ते आणखी काहीतरी जोडतं. वर्गात उभं राहिल्यावर तीन सेकंद फार लांब वाटतात, त्यामुळे मनात सावकाश मोजा.

दुसरं, प्रश्न आधीच लिहून ठेवा. ऐन वेळी सुचतात ते बहुतेक हो-नाहीचे प्रश्न असतात. पहिल्या आठवड्यात तरी आधी प्रत्येकाने वहीत लिहायचं, मग शेजारच्याला सांगायचं, मग वर्गात बोलायचं अशा क्रमाने जा. ज्याने एकदा शेजाऱ्याला सांगितलंय तो मोठ्याने सांगायला कमी घाबरतो. शाळेत नवीन आलेलं मूल असेल तर त्याच्या शेजारी कोण बसणार हे पण आधीच ठरवून ठेवा, ते नशिबावर सोडू नका.

प्रश्न: मी बरीच वर्षं शिकवतेय. तेच पुस्तक, तेच धडे, तेच नियोजन, फक्त तारीख बदलते. पूर्वी शाळा उघडायच्या आधी झोप लागायची नाही, आता काहीच वाटत नाही. मुलांवर अन्याय होतोय का माझ्याकडून?

उत्तर: ज्याला काहीच वाटत नाही तो हा प्रश्न लिहून पाठवत नाही ताई, त्यामुळे तेवढी काळजी मनातून काढा. तुमची पत्रातली एक गोष्ट मला वेगळ्या बाजूने दिसते. धडा तुम्हाला पाठ आहे म्हणजे वर्गात उभं राहिल्यावर तुमचं डोकं धड्यात अडकलेलं नसतं, ते मुलांकडे बघायला मोकळं असतं. नव्या शिक्षकाला ही सोय नसते, त्याचं निम्मं लक्ष पुढचं वाक्य काय याच्यात असतं. ही मोकळी झालेली नजर या वर्षी कशावर लावायची एवढंच ठरवा.

सगळं बदलायला जाऊ नका, त्याने दमणूक वाढेल. एकच धडा निवडा, असा की जिथे दर वर्षी मुलं अडकतात आणि तुम्हाला आधीच माहीत असतं की अडकणार. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका हाताशी असतील तर त्या धड्याच्या प्रश्नावर मुलांनी नक्की काय लिहिलंय ते वाचा, मार्क न बघता वाचा. त्यातली सारखी येणारी चूक एका ओळीत लिहा. मग धडा त्या चुकीपासून सुरू करा, म्हणजे पहिल्याच तासाला ती चूक फळ्यावर लिहून मुलांना विचारा, असं लिहिणाऱ्याच्या मनात काय असेल? मुलं यात फार सुंदर बोलतात, कारण कोणाचं नाव घेतलेलं नसतं आणि निम्म्या जणांच्या मनात तेच असतं.

त्या धड्याच्या प्रत्येक तासाला शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, एकच प्रश्न, चिठ्ठीवर उत्तर, जाताना टेबलावर ठेवायची. चिठ्ठ्यांचे तीन ढीग करा, जमलं, थोडं राहिलं, अजिबात नाही, आणि दुसऱ्या दिवशीचा तास त्या ढिगांकडे बघून घ्या. ब्लॅक आणि विल्यम यांनी १९९८ मध्ये साधारण अडीचशे अभ्यास वाचून हेच सांगितलं की शिकवता शिकवता मुलांकडून मिळालेल्या माहितीवरून पुढचं शिकवणं बदललं तर मुलांच्या शिकण्यात चांगला फरक पडतो, आणि मागे पडलेल्या मुलांना त्याचा जास्त उपयोग होतो. चाळीस चिठ्ठ्या बघायला फार वेळ लागत नाही, मार्क द्यायचे नसतात ना.

जमलं तर एक नव्या बाईंचा तास जाऊन बघा आणि त्यांना तुमचा बघायला बोलवा. वरच्या पाचवीवाल्या मॅडमसारखं कोणीतरी तुमच्या शाळेत पण असणारच, त्यांना तुमच्याकडे बघून जे मिळेल ते कुठल्याही प्रशिक्षणात मिळणार नाही.

आणि धडा पहिल्या सत्रातला निवडा. दुसऱ्या सत्रात परीक्षा, कार्यक्रम, रजिस्टरं यात जीव जातो, आणि पहिल्या सत्रात केलेलं एखाद्या वेळी नाही जमलं तरी तोच धडा परत वेगळ्या बाजूने घ्यायला तास शिल्लक असतात. कुठला धडा निवडलात आणि चिठ्ठ्यांवर काय निघालं ते मला कळवा, पुढच्या अंकात जागा ठेवते त्यासाठी.